कुंकवाचा दात

“नख लाव,” आबा म्हणाले.

मी अंगठ्याचं नख करवतीच्या दाताच्या टोकावर टेकवलं आणि हलकेच ओढलं. नख गुळगुळीत सरकून गेलं, ओरखडाही उठला नाही.

“घसरतंय.”

“मग त्यो मेलेला. आता ह्याला लाव.”

शेजारचा दात त्यांनी नुकताच कानशीनं घासला होता. त्यावर नख टेकवलं मात्र, नखाचा पांढरा कीस निघाला आणि नख जागच्या जागी अडकलं.

“लागतंय, आबा.”

“लागतंय न्हवं? एवढंच शास्त्र हाय बघ सगळं. बाकीची नुसती हमाली.” त्यांनी कानस माझ्यापुढं धरली. “धर. आता हमाली तू कर.”

मी मागं सरले. अमावस्या होती, आणि अमावस्येला आमच्या घरात बाईमाणसानं हत्याराला शिवायचं नसे. सुताराच्या घरात सून होऊन आले त्याच आठवड्यात तानूआत्यांनी, म्हणजे आबांच्या विधवा बहिणीनं, मला हे बजावून सांगितलं होतं. त्या दिवशी लाकूड कापायचं नाही. फक्त हत्यारांना धार लावायची, पूजा करायची, आणि तीही पुरुषांनीच.

“आत्यास्नी कळलं तर?”

“तानी देवळात बसली की पोथी संपल्याबिगर उठत न्हाई. दशा बाजारला गेलाय. दार ढकल अन् बस.”

“पण मीच कशाला?”

आबांनी उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर पसरली. “साखरेनं डोळं नेलं, ते तर तुला ठावंच हाय. आता बोटांची टोकं बी मरायला लागल्यात. धा-पंधरा दातांपत्तोर ठीक हाय, म्होरं काय धरलंय तेच कळंना. पट्ट्याला दात किती असत्यात? दशाला सांगितलं तर त्यो मला वट्यावर नेऊन बसवील. तिथं बसून काय करू, माश्या मारू?”

सत्याप्पा सुतार, म्हणजे आबा, माझे सासरे, हे गडहिंग्लजच्या बाजूला सगळीकडं माहीत असलेलं नाव. घराच्या मागच्या पडवीत आमचं दुकान होतं. पोळपाट, लाटणी, पाट, चौरंग, असा माल तिथं तयार व्हायचा. मधोमध पट्ट्याचं मशीन. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून गरगर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. माझा नवरा दशरथ त्या पट्ट्यावर फळी फिरवून पोळपाट असा गोल काढायचा की बघत राहावं. (नवऱ्याचं नाव घ्यायची रीत आमच्यात नाही, पण नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगता यायची नाही. आता या वयात मला कोण काय करणार आहे?) पट्टे बोथट झाले की खुंटीला टांगून ठेवायचे आणि अमावस्येला आबांनी त्यांना धार लावायची. बाहेरून धार लावून आणलेला पट्टा आमच्या मशीनवर कधी चढला नव्हता.

मी दार ढकललं आणि बसले.

आबांनी मला शिकवलं ते असं. पट्टा गोल, त्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. घासत बसलं तर माणूस फिरून फिरून त्याच दातांवर येईल. म्हणून पट्ट्याचा जिथं जोड असतो, त्याच्या शेजारच्या दाताला कुंकू लावायचं. तो पहिला दात. दोन फळ्यांच्या चिमट्यात पट्टा धरायचा, एक एक दात घासत पुढं जायचं, पट्टा सरकवत राहायचं. कुंकू परत समोर आलं की पट्टा झाला. कुंकवाचा दात आबा स्वतः घासायचे. त्याला मी नख लावायचं, त्याची धार, त्याचा उतार बोटाला पाठ करून घ्यायचा आणि बाकीचे सगळे दात त्या एका दातासारखे करायचे.

सुरुवातीला मी कानस पुढं-मागं चालवायचे, भांडी घासल्यासारखी. आबांच्या हातात लाकडाची एक छडी असायची. कर्रकन आवाज आला की छडी माझ्या मनगटावर.

“जाताना काप, येताना उचल. मागं वढलीस की कानस बी गेली अन् दात बी गेला. कितींदा सांगू?”

“चुकून झालं, आबा.”

“चुकून हुईल एकदा. तुझं दर खेपंला कसं चुकतंय? गाढवाला शिकवलं असतं तर एव्हाना त्यानं दुकान घातलं असतं.”

मी हसायचे. तेही हसायचे, पण छडी तयारच असायची. त्यांना दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. कानस सरळ गेली की ‘सर्’ असा एकच आवाज येतो, पुढं जाताना. मागं येताना आवाज नसतोच. हळूहळू माझाही तसा आवाज यायला लागला.

मला ते काम आवडायला लागलं. उगाच लपवून कशाला ठेवू? लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि तानूआत्या ते रोज एकदा तरी भाकरीबरोबर वाढायच्या. माझ्या हातून काही नीट घडतंय असं वाटणारी ती अमावस्येची दुपार होती. रात्री जेवताना दशरथ म्हणायचा, “आबांचा हात म्हातारपनी आनिक चांगला झालाय. पट्टा लोन्यातनं गेल्यागत जातोय.” आबा मान खाली घालून भाकरी चावत राहायचे. मी भात वाढायला उठायचे, कारण माझं तोंड कुणी बघितलं असतं तर बिंग फुटलंच असतं.

असं वर्षभर चाललं.

जत्रेच्या आधीचे दिवस होते. पोळपाटांची मागणी आलेली, आणि फळ्या आंब्याच्या, ओल्या, जाड. वाळायला वेळ नव्हता. दशरथ सकाळपासून मशीनवर होता. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. एकदम फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, मग चाकांची घरघर, आणि मग दशरथची हाक. हाक म्हणू नये तिला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.

पट्टा तुटून बाहेर आला होता आणि त्याच्या डाव्या हातावरून गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. शेजारच्या टेम्पोतून त्याला गडहिंग्लजला नेलं. मी मागं राहिले, कारण डॉक्टरांना बोटं लागतील असं कुणीतरी ओरडून सांगितलं. भुसा चाळून मीच ती शोधली, फडक्यात बांधली आणि दुसऱ्या गाडीनं नेली. डॉक्टरांनी फडकं उघडून बघितलं आणि नुसती मान हलवली.

दशरथ घरी आला तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. समाचाराला माणसं येत होती. त्यातच कल्लाप्पा आला. त्याची लाकडाची वखार होती, आमच्या फळ्या त्याच्याकडूनच यायच्या. त्याच्या वखारीतले मोठे पट्टे मशीनवर धार लावायला कोल्हापूरला जायचे, हातानं धार लावायचं त्याला काही येत नव्हतं. पण तुटलेले पट्टे त्यानं ढिगानं बघितले होते. त्यानं पडवीत जाऊन आमच्या पट्ट्याचे तुकडे उचलले, उजेडात धरले.

“जोड शाबूत हाय, दशरथ. इथं बघ, दाताच्या बुडाला कानस खोल घुसलीया. खाच पडल्याय. तिथनं तडकत तडकत आलंय हे.” मग तो सहज म्हणाला, “सत्याप्पामामांचा हात न्हवं बाबा हा.”

एवढं बोलून त्यानं चहा प्याला आणि तो निघून गेला. लोक असंच करतात. काडी टाकून घरी जाऊन झोपतात.

ती खाच माझी होती की आधीची, मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. तो पट्टा जुना होता, फळी ओली होती, आणि पट्टे तुटतातच. पण घरात एवढं मोठं काही झालं की ते कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय माणसांना झोप येत नाही.

“आबा,” दशरथनं विचारलं, “त्या पट्ट्याला धार कुनी लावली?”

“मी. आनि कोन लावनार?”

“खाच बघितली मी. हा तुमचा हात न्हाई.”

तानूआत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरून वर केला. बोटांच्या रेषांमध्ये लोखंडाची काळी भुकटी मुरलेली होती. राखेनं घासूनही ती जायची नाही.

“ही काळी कशानं झाल्यात गं? अमुशा झाली की तुजी बोटं काळी. मला वाटलं, तवा घासतीया. आज कळलं काय घासत हुतीस.”

दशरथनं माझ्याकडं बघितलं. सहा-सात वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

“हिचा हात असंल,” तो म्हणाला, “तर ही ह्या घरात ऱ्हायची न्हाई. निपानीची गाडी दावा तिला.”

निपाणीला माझं माहेर. तिथं भावाची सहा माणसं एका खोलीत राहत होती.

मी खरं ते सांगितलं. धाडस म्हणून नव्हे, आबांवर येतंय ते मला बघवेना म्हणून. “व्हय, मी लावली. वर्स झालं, मीच लावते. आबांना दिसत न्हाई अन् बोटांना कळत न्हाई.”

आबा हसले. अगदी मोकळं हसले, छडी मारल्यावर हसायचे तसं.

“ऐका! ही म्हनं पट्टा लावती! हिला पोळपाटावर भाकरी गोल यीना, ही दात लावनार. मला वाचवायला बघतीया खुळी. बोटं काळी व्हनारच, मी घासतो अन् खाली सांडलेलं ही झाडून काढती.”

मला राग आला. इतक्या दिवसांचं माझं काम त्यांनी एका वाक्यात झाडूत घातलं होतं. “आबा, खरं बोला!”

“खरंच बोलतोय. माझाच हात हाय त्यो. म्हातारा झालो, हात घसरला. माझं चुकलं.”

“तुमचा हात घसरत न्हाई,” दशरथ म्हणाला. “ह्याच म्हैन्यात पट्टा कसा चालला हुता, मला ठावं हाय की.”

“मग बघ की. चार दिसांनी अमुशा हाय. कल्लाप्पाला बी बोलीव. सगळ्यांम्होरं बोथट पट्टा लावतो. तशीच खाच पडली तर हात माझा. न्हाई पडली, तर तुमची काय ती निपानी.”

ठरलं.

ते चार दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. माझ्या हातचं पाणी कुणी घेईना. आत्यांनी माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढून दारापाशी आणून ठेवली होती, जाता-येता पायाला लागावी अशी. मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे. आबांनी पट्टा नीट लावला तर खाच माझी ठरणार आणि मी जाणार. त्यांनी वाईट लावला तर मी राहणार, पण जन्मभर कमावलेलं नाव चार माणसांसमोर मातीत जाणार. आबांचा हात मला ठाऊक होता. पंधरा दात लावतील, पण ते पंधरा असे लावतील की कल्लाप्पा काय, कुणालाही खोट काढता येणार नाही. चुकायची त्या हाताला सवयच नव्हती. मला त्या घरात राहायचं होतं, हेही सांगून टाकते. सारखं वाटायचं, म्हातारा चुकू दे. आणि लगेच वाटायचं, नको, देवा, नको.

एकदा संधी साधून मी त्यांच्यापाशी गेले. “आबा, काय करनार तुम्ही?”

“काय म्हंजे? धार लावनार. मेस्त्री दुसरं काय करतोय?”

“मला भ्या वाटतंय.”

“तू तुजं काम कर. माझं मला करू दे,” ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

अमावस्येच्या सकाळी पडवीत माणसं जमली. माणसं म्हणजे दशरथ, हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसलेला, कल्लाप्पा, दाराला टेकलेल्या तानूआत्या, आणि उंबऱ्याच्या बाहेर मी. मला आत यायची बंदी होती. आबांनी हात धुतले. खुंटीवरचा पट्टा उतरवून चाचपत चिमट्यात बसवला, जोड शोधला, करंड्यातलं कुंकू घेऊन त्याच्या शेजारच्या दाताला लावलं. मग आमच्याकडं पाठ करून ते बसले.

“दादा, हिकडं तोंड कर, आम्हाला दिसू दे,” आत्या म्हणाल्या.

“थांब गं, उजेड तिकडनं येतोय,” आबा म्हणाले. कसला उजेड आणि कसलं काय, त्यांना सगळं सारखंच. पण आत्या आणि कल्लाप्पा आपापल्या जागा बदलेपर्यंत, दशरथनं स्टूल सरकवेपर्यंत थोडा वेळ गेला. तेवढ्यात कानशीचा आवाज सुरू झाला होता.

मग ते वळून बसले आणि पुढच्या दाताला कानस लावली. कर्र. पुढं जाताना कर्र, मागं येताना कर्र.

माझ्या मनगटावर छडी बसल्यासारखं झालं.

त्यांनी तिसरा दात घासला, चौथा सोडला, पाचवा दोनदा घासला. कानस तिरकी जात होती, दातांच्या बुडात रुतत होती. एकदा ती निसटली आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यात शिरली. रक्त पट्ट्यावर सांडलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि परत घासायला लागले. कपाळावर घाम आला होता. खालचा ओठ लोंबत होता. मी बघत होते, आणि मला वाटलं, संपला. म्हातारा खरंच संपला. मला रडू फुटलं. त्या रडण्यात आपण वाचलो याचा आनंदही होता. कसला तरी घाणेरडा आनंद, पण होता.

“बास, आबा,” दशरथ म्हणाला.

कर्र. कर्र.

“बास म्हनलं न्हवं!” त्यानं उठून चांगल्या हातानं कानस काढून घेतली.

कल्लाप्पानं वाकून दात बघितले, बोट फिरवलं. “दशरथ, ही बघ. तशीच खाच. बुडालाच. हुबेहूब.” मग तो ओशाळला. “मामा, वय झालं आता. व्हतंय असं.”

“सांगत हुतो न्हवं मी?” आबा म्हणाले. “माझाच हात हुता.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला. भावाची अशी दशा बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं असणार. दशरथनं कानस पेटीत टाकून कुलूप लावलं. मग म्हणाला, “आजपास्नं तुम्ही कशाला हात लावायचा न्हाई. पडवीत यायचं न्हाई.”

“न्हाई येत,” आबा म्हणाले. मग हातानं भिंत चाचपत ते बाहेर गेले आणि ओट्यावर जाऊन बसले.

“आनि त्यो पट्टा,” दशरथ मला म्हणाला, त्या चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, “भंगारात टाक.”

मी माझी ट्रंक उचलून परत माळ्यावर ठेवली आणि पट्टा घ्यायला गेले. एवढा लांब पट्टा न्यायचा तर त्याची गुंडाळी करावी लागते. ती करताना जोड हाताशी आला, शेजारी कुंकू दिसलं. सवयीनं माझा अंगठा तिथं गेला.

नख अडकलं.

मी पुन्हा लावलं. नखाचा पांढरा कीस निघाला. धार सरळ, उतार बरोबर, कुठं खरबरीत नाही. नेहमी पाठ करून घ्यायचे तोच दात. शेजारच्या दाताला बोट लावलं तर नुसता चुरा झाला होता. तिथून पुढं सगळा पट्टा वाया गेलेला.

मग मला ते मागं ओढणं आठवलं. त्यांना दिसत नव्हतं, बोटांना कळत नव्हतं, पण कान शाबूत होते की. ज्या माणसाला माझी कानस केसभर मागं गेलेली ऐकू यायची, त्याला स्वतःची ऐकू आली नसेल?

मी ओट्यावर गेले. आबा रस्त्याकडं तोंड करून बसले होते. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

“पट्टा टाकलास?” त्यांनी विचारलं.

“न्हाई अजून.”

“नख लावलंस?”

“लावलं.”

“मग?”

“लागतंय, आबा.”

“हं,” ते म्हणाले. “मग झालं तर.” थोड्या वेळानं म्हणाले, “च्या टाक. तानीनं सकाळधरनं दिलेला न्हाई.”

मी आत जाऊन चहा टाकला.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले, त्या ओट्यावर. माश्या मारायला बसणार नाही म्हणालेला माणूस तिथंच बसून राहिला. पोराचा हात घालवलेला मेस्त्री असं गावात त्यांचं नाव पडलं. कुणाकडं मुहूर्ताचा खांब तासायचा असला की पूर्वी पहिला मान त्यांचा असायचा, आता कुणी त्यांना हाक मारेना. जत्रेला आलेले पाहुणे दशरथचा हात बघायचे, मग ओट्याकडं बघायचे आणि बोलणं बदलायचे. आबांना ते दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पडवीत मशीन सुरू झालं की ते मान तिरकी करून ऐकायचे. पट्टे आता कोल्हापूरहून धार लावून यायचे, आणि ते बोथट झाले की मला आतून आणि त्यांना ओट्यावरून एकदमच कळायचं. कधी तरी ते हात पुढं करायचे, काहीतरी धरायला मिळावं म्हणून, आणि मग काठी धरायचे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते उठलेच नाहीत.

आमच्यात मेस्त्री गेला की तिरडीवर त्याच्या हातात त्याचं हत्यार देतात, स्मशानापर्यंत. आत्या रडत म्हणाल्या, “काय बी देऊ नका हातात. त्याच हातानं पोराचं वाटोळं झालं.” दशरथ पडवीत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्याकडं तीच कानस होती, इतके दिवस कुलपात ठेवलेली. तीन बोटांच्या हातानं त्यानं तिला कुंकू लावलं आणि आबांची बोटं उघडून तिच्याभोवती मिटवली.

मी शेजारीच उभी होते. तो माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, “कानस मागं वढनारा मानूस माझा बाप न्हवं. दुसऱ्याच दाताला कळलं हुतं मला.”

मी म्हणाले, “आनि तुम्ही गप ऱ्हायला?”

“बोललो असतो तर तुला धाडायला लागलं असतं.”

“धाडलं कुनी असतं? तुम्हीच की.”

“व्हय,” तो म्हणाला. “मीच. बोलून बसलो हुतो.”

“अन् नंतर? दोन वर्सं त्यास्नी पडवीत पाऊल टाकू दिलं न्हाई तुम्ही.”

तिरडी उचलायची वेळ झाली होती. त्यानं खांदा दिला.

मला त्याचा राग आला होता, आणि आबांचाही. बापलेकांनी मिळून माझा निवाडा केला, एकानं बोलून आणि एकानं न बोलून, आणि मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? त्याचं उत्तर मी इतक्या वर्षांत बऱ्याचदा शोधलं, आणि दर वेळी ट्रंक तेवढी डोळ्यांसमोर येते.

बारावं झालं, आणि पुढच्या अमावस्येला दशरथनं पडवीचं दार उघडलं, एक बोथट पट्टा उतरवून चिमट्यात बसवला, नवी कानस त्याच्यापाशी ठेवली आणि मला हाक मारली. आत्या बघत होत्या. मी जाऊन बसले.

तेव्हापासून आमच्या पट्ट्यांना धार मीच लावते, सगळ्यांसमोर. आबांचा तो पट्टा मी भंगारात टाकला नाही. खुंटीवर सगळ्यात मागं तो टांगलेला आहे. नवा पट्टा घ्यायच्या आधी मी हात मागं नेऊन जोड शोधते. कुंकू केव्हाच उडून गेलंय. शेजारच्या दाताला नख लावते.

अजून लागतं.